बघितल्याशिवाय वाक्य नाही

नीलव्वा काकूंचं नाव मी आधी घेते, अक्का. तुझं नंतर. तुला राग येणार नाही, मला माहीत आहे. शेवटी शेवटी तुला मऊ भात कालवून भरवला तो त्यांनी. तुझी वेणी घातली त्यांनी. मी इकडून फोन केला की तो तुझ्या कानाला लावून, हात अवघडेपर्यंत धरून बसल्या त्याही त्याच. नातं म्हणशील तर घराला घर लागून, एवढंच. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग, तुझ्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून तुमची ताटं इकडून तिकडं जायची. सख्ख्यांनी केलं नसतं ते त्यांनी केलं. मी तर सख्खीही नाही, चुलत. आणि मी काहीच केलं नाही.

आता झालं ते सांगते. तू गेलीस. मंगळवारी सकाळी. मी आले नाही.

आजही आले नाही. दादा म्हणाला, पुण्यानुमोदनाला सगळे उठून दोन-दोन शब्द बोलतात, तू लिहून पाठव, मी वाचतो. म्हणून हे लिहायला घेतलंय. नववीत शाळा सुटलेल्या बाईचं लिहिणं आहे, बसलेल्यांनी सांभाळून घ्यावं. मधे मधे इंग्रजी शब्द येतील, तिथं दादा अडखळेल. त्याला हसू नका. हसलात तरी चालेल, अक्कानं हसूच दिलं असतं.

अक्का, तुला आठवतं का, कच्छला आल्यावर मी पहिला निरोप काय पाठवला होता? "इथं काहीच नाही." खरंच नव्हतं. आपल्या मुरुम गावात दारात उभं राहिलं की चार माणसं, दोन शेळ्या, एक भांडण तरी दिसतं. इथं सोलरच्या कॅम्पावर ह्यांना गार्डची नोकरी, मला मेसमधे पोळ्या लाटायचं काम, आणि चहूकडं पांढरं सपाट रण. झाड नाही, घर नाही, मीठच मीठ. मी रडत होते आणि तू फोनवर खूश.

"काहीच नाही ना? मग शब्द शिकायला झकास जागा हाय. काहीतरी येईलच. आलं की सांग मला."

आला तो पाण्याचा टँकर. मी वाक्य पाठवलं, टँकर केम. तुझं लगेच उत्तर. "केम म्हणजे आला. दारात उभा राहिला तेव्हा आला. त्याच्या आधी काय झालं?"

म्हणलं, "आधी काय व्हायचंय, आला."

"उद्या नीट बघ."

दुसऱ्या दिवशी पोळ्या टाकून बाहेर जाऊन उभी राहिले. कडेला, जिथं रण संपून आभाळ लागतं, तिथं एक काळा ठिपका. तो जमिनीवर नव्हता, जमिनीच्या वर लोंबकळत होता, उन्हानं. मग त्याचे दोन झाले. मग दोन्ही एकात एक मिसळले आणि त्याला चाकं फुटली. मी तुला धापा टाकत सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "हां. तो ठिपका दिसला ना, तिथं अपिअर म्हण. ए टँकर अपिअर्ड. आता झालं तुझं वाक्य."

तुझा तो एकच नियम होता. बघितल्याशिवाय वाक्य नाही. ओट्यावरच्या ट्यूशनीत तू पोरांना पाठ करू द्यायची नाहीस. ज्यानं त्यानं त्या दिवशी डोळ्यानं जे बघितलं त्याचं वाक्य आणायचं. एकदा एकानं गाइडातलं उतरून आणलं, 'ए लायन अपिअर्ड.' तू चष्मा काढलास. "कुठं रे? मुरुमात? चल, मला दाखव." आणि खरंच त्याच्याबरोबर निघालीस, पार आडत बाजारापर्यंत. पोरगं रडकुंडीला. शेवटी एका कट्ट्यावर कुत्रं झोपलेलं दिसलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, हेच्याकडं बघून वाटलं." तू म्हणालीस, "मग हेच लिही की! हे काय कमी हाय?"

नीलव्वा काकू भिंतीपलीकडं शेंगा सोलत सगळं ऐकायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण 'टर्न अप' एवढा शब्द त्यांनी उचलला. न बोलावता कोणी उगवलं की त्याला टर्न अप, हे तू सांगितलंस आणि तेव्हापासून दादा दिसला की त्या ओरडायच्या, "टीचर, टर्न अप झाला बग तुजा भाऊ! भात वाढीव टाक!" दादा, हे गाळू नकोस. वाच.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं, अक्का.

मी म्हणायचे, इंग्रजांना एका दिसण्यासाठी इतके शब्द कशाला? अपिअर काय, इमर्ज काय, सरफेस काय. तू चिडायचीस. "आपल्याला काय कमी लागतात? चांद उगवतो. कोंब फुटतो. पोरगं दाराआडून डोकावतं. लबाडी उघडी पडते. आणि जेवायच्या टायमाला आमचा दादा टपकतो. सगळ्याला नुसतं 'दिसलं' म्हणशील का तू?" मग तू एकेक शब्द द्यायचीस आणि मी रणात त्याला माणूस शोधायचे. पॅनलच्या रांगांमधून दुपारी जेवायला कामगार एकेक करून बाहेर पडतात, ते इमर्ज. पाइप फुटून मिठाच्या पापुद्र्याखालनं पाणी वर आलं, ते सरफेस. ठेकेदार कधी सांगून येत नाही, तो टर्न अप. आणि माझी परी ताडपत्रीच्या फटीतून एक डोळा लावते, ते पीप.

लूमवर आपलं अडलं. तू म्हणालीस, लूम म्हणजे मोठं होत होत अंगावर आल्यासारखं दिसणं, त्यात भीती पाहिजे. मी म्हणलं, टँकर असाच येतो, डोंगराएवढा होत. तू म्हणालीस, "पाण्याच्या टँकरला कोण भितं गं?" मी म्हणलं, "नाही आला तर, ह्याची भीती वाटते." मग म्हणालीस, "थांब, बघून सांगते." ते सांगायचं राहिलं. आता मला कोण सांगणार? शब्दकोशात बघता येतं, ह्यांच्या फोनवरही बघता येतं. मला नाही बघायचं.

तू मला बाहेरून दहावीला बसवायला निघाली होतीस. सतरा नंबरचा फॉर्म तूच भरून घेतलास. मी किती घाबरत होते. नववीच्या वर्गातनं उठून गेलेली मी. तू म्हणालीस, "इंग्रजीत परीक्षेला 'बसत' नाहीत, अपिअर होतात. बसायचं नाही, समोर जाऊन उभं राहायचं. पास-नापास पुढची गोष्ट." फेब्रुवारीत मी येणार, तुझ्याकडं राहणार, तू सकाळ-संध्याकाळ घासून घेणार, असं ठरलं होतं. आजारपणाचं विचारलं की तू विषय बदलायचीस. "येशीलच की परीक्षेला. तेव्हा बघ काय बघायचं ते."

मग एक दिवस काकूंनीच शेजारच्या पोराकडून फोन लावून घेतला.

"टीचर तुजी वाट बगायलीय गं."

"म्हणली का तशी?"

"तोंडानं न्हाय म्हनत. पर काल म्हनली, नीलव्वा, माजी खाट जरा फिरव. दाराकडं तोंड करून घेतलीया. रस्ता बगत पडतीया."

अक्का, त्या दिवसापासून माझ्या डोळ्यापुढं ती खाट आहे. ओटा, ओट्यापुढं रस्ता, स्टँडकडून चालत येणारी माणसं. तू प्रत्येक माणूस लांबून बघत असशील. लुगड्याचा रंग, चाल, हातातली पिशवी. ती नाही. ही पण नाही.

मी ठेकेदाराच्या हाता-पाया पडले. पोळ्यांना दुसरी बाई मिळाली. तिकीट निघालं. पिशवी भरून दाराशी ठेवली. आणि निघायच्या आदल्या दिवशी परीला अंघोळ घालताना तिच्या पाठीवर हात फिरला तर खडबडीत लागलं. उजेडात धरून बघितलं. लाल लाल पुरळ.

तेव्हाही मी वाक्यच पाठवलं तुला. दुसरं काय करावं ते सुचेना. 'स्पॉट्स अपिअर्ड ऑन परीज बॅक.' कॅम्पातल्या बायका जमल्या, कोणी कडुलिंब शोधायला गेलं, कोणी म्हणालं माता निकली है, घर में छौंक मत लगाना, म्हणजे घरात फोडणी द्यायची नाही. मी फोन हातात धरून उभी. किती वेळानं तुझा आवाज आला. इतका बारीक की मी दुसरं कोणी आहे समजले.

"अपिअर नको. ब्रेक आउट म्हणतात त्याला." मग श्वास. "तिथल्या बायका काय म्हणायल्यात?"

"माता निकली म्हणायल्यात."

"आपण माता म्हणायचं नाही. कांजिण्या हायेत, डॉक्टरला दाखव. पण 'निकली' बरोबर हाय बघ. आतनं बाहेर फुटतं ते. बाया बरोबर शब्द वापरायल्यात."

"अक्का, माझं तिकीट हाय उद्याचं."

"ते फाडून टाक."

"अक्का..."

"लेकराला ताप आसंल. गाडीत घालू नकोस, सगळ्या डब्याला देशील. बरी झाली की ये. न सांगता ये. टर्न अप हो."

आणि तू हसलीस. खोकला आला तर काकूंनी फोन काढून घेतला. हे आपलं शेवटचं बोलणं. शेवटपर्यंत तू मला दुरुस्त करत होतीस, आणि मी शेवटपर्यंत चुकत होते. लोक म्हणतात अशा वेळी काहीतरी मोठं बोललं जातं. आपण परीच्या पुरळाला काय म्हणायचं ते बोललो.

मंगळवारी मी कणीक मळत होते. दादाचा फोन. त्यानं आधी काही सांगितलंच नाही, विचारलं, "किती वेळ लागंल तुला यायला?" त्यावरून मला कळलं.

आपल्याकडं लांबचं माणूस यायचं असलं की थांबतात. कोणी वरनं नुसता फोन करतं, 'निघालोय' म्हणून, आणि अख्खा गाव दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत ओसरीत बसून राहतो. माझ्या आज्याच्या वेळेला पुण्याहून येणाऱ्या काकासाठी असंच थांबले होते, मला आठवतं. काका फाट्यावर उतरलेला दिसला तेव्हा बसलेले सगळे एकदम उभे राहिले होते.

"थांबतो आम्ही," दादा म्हणाला. "बर्फ सांगतो आणायला. नीलव्वा काकू तर म्हणायल्यात, ती आल्याबिगर उचलू द्यायची न्हाय. तू फक्त सांग. मंडळी तुझ्या शब्दावर बसलीत."

परी आत तापानं फणफणली होती. डॉक्टरनं गाडीत घालू नका म्हणून बजावलेलं. हे ड्यूटीवर. भूज गाठायलाच निम्मा दिवस, पुढं गाडी, पुढं सोलापूर, पुढं एसटी. मी सगळं मनात मोजत होते आणि मला दिसत होती ती माणसं, डोक्याला हात लावून बसलेली, रस्त्याकडं बघत. तूही रस्त्याकडंच बघत बघत गेलीस. आता मेल्यावरही तुला माझी वाट बघायला लावायची का?

मी म्हणलं, "थांबू नका."

दादा म्हणाला, "काय?"

"थांबू नका दादा. मी येत नाही. न्या तिला."

ह्या दोन शब्दांचं काय करू, अक्का? तू मला शेकडो शब्द दिलेस आणि मी तुझ्यासाठी वापरले ते हे. कणकेच्या हातानं फोन धरला होता, त्याच्यावरची कणीक वाळून कडक झाली तरी मी तशीच उभी होते.

मग म्हणलं, तोंड तरी दाखवा. दादाला बांबू-कापड बघायचं होतं, त्यानं व्हिडिओ लावून फोन काकूंच्या हातात दिला. आणि मला काय दिसलं माहीत आहे? पत्र्याचं छत. पंखा. मेणबत्तीचा उजेड भिंतीवर हलत होता, बुद्धांच्या तसबिरीची कड. मग पांढऱ्या साडीचा काठ, तुझाच असेल, एवढासा, लगेच गेला. मग काकूंची हनुवटी, मोठीच्या मोठी. कॅमेरा त्यांच्याकडं तोंड करून होता आणि त्यांना वाटत होतं तुझ्याकडं आहे. मागं त्रिशरण सुरू झालं होतं. काकू रडत रडत विचारत होत्या, "दिसली का गं? नीट बग. आता पुन्ना न्हाय. दिसली का?"

मी म्हणलं, "दिसली."

बघितलं नव्हतं आणि वाक्य बोलले. तुझ्या वर्गात मी पहिल्यांदा असं केलं. काकूंना त्या वेळेला खरं कसं सांगणार होते? तू असतीस तर चष्मा काढला असतास, म्हणाली असतीस, "कुठं दिसले गं मी? चल, दाखव." काय दाखवलं असतं? पंखा?

तुझा चेहरा आठवायला बसते तर आता तोच पंखा समोर येतो. हे लिहायला नको होतं कदाचित. पण दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

परीच्या खपल्या पडायल्यात. ताप गेला. ती बरी झाली की मी यायचं होतं. आता मी कुणाकडं येऊ? परीक्षेचं पुस्तक उघडलेलं नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा उठून गेले. टँकर येतो. ठिपका होतो, लोंबकळतो, चाकं फुटतात. मी बघते आणि आत येते. तुला सांगता येणार नाही ती गोष्ट बघून काय करायची?

एकदा सवयीनं हात गेलाच. संध्याकाळी रणाच्या कडेनं उंटांची रांग निघाली होती, आधी नुसत्या माना, पाय नाहीतच. मी बोलून पाठवलं, ए लाइन ऑफ कॅमल्स केम इन्टू व्ह्यू. पाठवल्यावर भानावर आले. थोड्या वेळानं फोन वाजला. तुझ्या नंबरावरून. काकू होत्या. तुझा फोन त्या रोज चार्ज करून ठेवतात, शेजारच्या पोरानं त्यांना हिरवं बटण दाखवलंय.

"टीचरच्या फोनात काय तरी वाजलं गं. तूच का? काय म्हनलीस?"

"काही नाही काकू. उंट दिसले म्हणलं."

"आस्सं." मग म्हणाल्या, "किती हुते?"

मी उंटांचं सांगितलं. माना आधी दिसल्या, पाय नंतर. त्या 'हं, हं' म्हणत ऐकत राहिल्या. आणि मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, काकू, त्या दिवशी मला अक्का दिसली नाही. फोन उलटा होता.

मला वाटलं दुखावतील.

"मग सांगायचं न्हाय व्हय? फिरवून धरला आसता की." मग हळूच, "मला तरी कुटं दिसली गं. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. मला आता समदं धुरावानी. टीचर बी धुरावानीच दिसत हुती. हातानं चाचपून वेणी घातली म्या तिची."

अक्का, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तुला भरवणाऱ्या हाताला घास दिसत नव्हता.

मी विचारलं, ऑपरेशन का नाही केलं. म्हणाल्या, "करून टाकत्यात की, त्येचं काय न्हाय. पर मागनं महिनाभर थेंब घालावं लागत्यात डोळ्यांत, दिसातनं चार-चार डाव. पोरगं बेंगळूरला. कोन घालनार? टीचर म्हनली हुती, म्या घालते, माजं जरा बरं हुंदे. यव्वा, तीच गेली."

दादा, इथं जरा थांब आणि काकू कुठं बसल्यात बघ. त्यांच्याकडं तोंड करून वाच.

काकू, मी अजून घाबरटच आहे. ह्या वेळी येते म्हणलं आणि पुन्हा काही आडवं आलं तर, ह्या भीतीनं मी कुणाला शब्द देत नाही. पण हा देते. परीक्षेला मी उभी राहीन की नाही, मला सांगता येत नाही. तुमच्याकडं मी येईन. परीला घेऊन येईन आणि अक्काच्या घरात राहीन, तुमचे थेंब संपेपर्यंत. चार डाव म्हणले तर चार डाव. तुम्ही तिच्यासाठी केलंत त्याची फेड एवढ्यानं होत नाही, ते मला कळतं. बाकीची पुढं करत राहीन. आणि ज्या दिवशी डॉक्टर तुमची पट्टी काढतील, त्या दिवशी मी तुमच्या समोर उभी असेन, काकू, अगदी जवळ. डोळे उघडून नीट बघा. आणि दिसले तरच 'दिसली' म्हणा.